६००० ची रॅम ३६०० वर: फलटणच्या एका कॉम्प्युटरचं प्रकरण

माझा मावसभाऊ फलटणला असतो. ड्रोन उडवून जमिनीचं मोजमाप करून देणं हा त्याचा धंदा. उसाचे प्लॉट, नव्या लेआउटच्या जागा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे दगडखाणी. गेल्या मोजणीपासून खाणीतून किती ब्रास दगड निघाला, हा आकडा त्याच्याकडून घेतात. त्यासाठी तो खाणीवरून हजार-बाराशे फोटो काढतो आणि रात्री कॉम्प्युटरला लावून झोपतो. फोटोंवरून जमिनीचा त्रिमितीय नकाशा बनवायला तो वेबओडीएम वापरतो. ते मुक्तस्रोत आहे, म्हणजे परवान्याचे पैसे वाचतात. पण रॅम मात्र राक्षसासारखी खातं.

त्याच्या जुन्या कॉम्प्युटरात १६ जीबी रॅम होती. या सॉफ्टवेअरच्याच मदत-पानांवर एक तक्ता आहे: साधारण २५० फोटोंना १६ जीबी, ५०० ला ३२, १५०० ला ६४, २५०० ला १२८. त्यामुळे दादा एका खाणीचे पाच तुकडे करायचा, पाच रात्री चालवायचा आणि मग कडा जुळवत बसायचा. जून २०२४ मध्ये त्याने शेवटी नवा कॉम्प्युटर घेतला. मला न विचारता. पंधरा दिवसांनी फोन आला.

"अरे, दुकानदाराने ६००० ची रॅम म्हणून पैसे घेतले आणि इथे ३६०० दाखवतंय. गंडवलं का रे मला?"

मी आधी वेगळाच अंदाज केला. कॉम्प्युटरची माहिती दाखवणाऱ्या काही प्रोग्रॅममध्ये ६००० ची रॅम ३००० दिसते आणि लोक दुकानात भांडायला जातात. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहितीची देवघेव. ठोके सेकंदाला ३००० दशलक्ष, देवघेव ६००० दशलक्ष. पाकिटावर मेगाट्रान्सफरचा आकडा छापतात, लोक त्याला मेगाहर्ट्झ म्हणतात, आणि गोंधळ सुरू होतो. पण ३६०० हा आकडा त्या हिशेबात बसत नव्हता. दादाला म्हटलं, बिलाचा फोटो पाठव.

बिल

प्रोसेसर एएमडीचा रायझन ९ ७९००, बारा कोअरचा. मदरबोर्ड (पुढे नुसता 'बोर्ड') एक्स ६७० ई चिपसेटचा, चांगला धिप्पाड, वायफायसकट. रॅम डीडीआर५ ६०००, सीएल ३६ (सीएलचं पुढे सांगतो), १६ जीबीच्या दोन स्टिकची, म्हणजे पट्ट्यांची, जोडी. अशा जोड्या दोन. म्हणजे चार स्टिक, एकूण ६४ जीबी.

चौथी ओळ वाचताच उत्तर मिळालं होतं. दुकानदाराने खोटं काही विकलं नव्हतं. रॅम खरोखरच ६००० ची होती, बोर्डही त्याहून जास्त वेग झेलणारा होता. प्रोसेसर मात्र चार स्टिकना तो वेग देण्याचं वचन देत नव्हता.

एएमडीने रायझन ७००० मालिकेसाठी दिलेले अधिकृत आकडे असे: दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. रायझन ९००० मध्ये दोन स्टिकचा आकडा ५६०० झाला, चारचा ३६०० च राहिला. बोर्ड 'ऑटो'वर ठेवला आणि रॅमच्या चारही खाचा भरल्या की तो निमूटपणे ३६०० वर येतो. बिघाड नाही, नियम आहे. दादाच्या कॉम्प्युटरने तो पाळला होता.

चार स्टिकला एवढी अडचण का, हे एकदा नीट सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत. रॅमशी बोलणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात असतो. बोर्डावर खाचा चार दिसल्या तरी त्याच्याकडून निघणारे रस्ते दोनच, म्हणजे दोन चॅनेल. प्रत्येक रस्त्यावर दोन खाचा. आजच्या बहुतेक बोर्डांवर तारा आधी प्रोसेसरजवळच्या खाचेला शिवून मग लांबच्या खाचेपर्यंत जातात. लांबच्या खाचेत एकच स्टिक असेल तर सिग्नल रस्त्याच्या टोकाला पोचतो आणि संपतो. म्हणून दोन स्टिक लावताना प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायला सांगतात. जवळच्या खाचेत लावली तर पुढचा मोकळा तुकडा तसाच लोंबकळत राहतो, सिग्नल त्याच्या टोकावर आपटून मागे फिरतो आणि पुढच्या सिग्नलमध्ये मिसळतो. दोन्ही खाचा भरल्या तर एकाच तारेवर दोन ओझी येतात. डीडीआर३ च्या काळात हे खपून जायचं. सेकंदाला ६०० कोटी वेळा शून्य-एक ओळखायचं असतं तेव्हा खपत नाही. इंटेलच्या बाजूलाही चार स्टिकना अधिकृत वेग खाली येतोच, आकडे थोडे वेगळे.

मग पाकिटावरचे ६००० कुठून आले? रॅमची स्वतःची मूळ ओळख वेगळी असते, बहुतेक वेळा ४८०० आणि १.१ व्होल्ट. तिच्या चिपमध्ये शिवाय एक जास्तीची नोंद असते: मला १.३५ व्होल्ट द्या, हे टायमिंग, म्हणजे वाट पाहायचे ठोके, लावा, मग मी ६००० ला धावेन. एएमडीच्या बाजूला या नोंदीला एक्स्पो म्हणतात, इंटेलच्या बाजूला एक्सएमपी. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन ती चालू करावी लागते. आणि एएमडीच्या लेखी हे ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे पळवणंच आहे, त्यातून नुकसान झालं तर वॉरंटी नाही. जाहिरातीत मात्र हा आकडा मूळ गुणासारखा मिरवतात. शिवाय ही नोंद एका जोडीपुरती तपासलेली असते. त्याच नावाची दुसरी जोडी शेजारी बसवली की ती नोंद कुणी तपासलेली नसते. दोन पाकिटांत चिप बनवणारी कंपनीही वेगळी असू शकते.

दुकानात काय झालं, घरी काय झालं

दादाला खोदून विचारल्यावर कहाणी हळूहळू बाहेर आली. दुकानात आधी एक्स्पो चालू केलं होतं. स्क्रीन काळी, बोर्डावर रॅमचा पिवळा दिवा. दुकानातल्या पोराने सीमॉस साफ केलं, म्हणजे बायोसची सेटिंग पुसली, ऑटोवर आणलं, विंडोज चढवली आणि पार्सल फलटणला. कुणी काही सांगितलं नाही.

घरी दादाने यूट्यूब बघून स्वतःच एक्स्पो चालू केलं. पुन्हा काळी स्क्रीन. त्याने दोन मिनिटं वाट पाहिली आणि बटण दाबून बंद केलं. पुन्हा चालू, पुन्हा काळं. इथे एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. डीडीआर५ चे बोर्ड सेटिंग बदलल्यावर पहिल्यांदा चालू होताना रॅमचं प्रशिक्षण करतात: कोणत्या तारेवर सिग्नल किती उशिरा वाचायचा, हे चाचपून ठरवतात. त्याला काही मिनिटं लागतात, स्क्रीनवर काहीच येत नाही, आणि मध्येच वीज तोडली की पुन्हा पहिल्यापासून. त्या वेळी धीर धरला असता तरी ६००० ला तो चालू झाला असता असं मी म्हणणार नाही. पण यूट्यूबवाल्याने 'दहा मिनिटं हात लावू नका' एवढं सांगायला हवं होतं.

शेवटी त्याने अंदाजाने ५६०० लावून पाहिले. चालू झाला! दादा खूश. त्या रात्री १२०० फोटोंची खाण लावली. सकाळी निळी स्क्रीन, 'मेमरी मॅनेजमेंट'. दुसऱ्या रात्री पुन्हा लावली, पहाटे काम आपोआप थांबलेलं, या वेळी निळी स्क्रीन नाही, फक्त शेवटच्या ओळीत 'किल्ड'. मग त्याने घाबरून सगळं ऑटोवर आणलं, ३६०० वर. तिसऱ्या रात्रीही 'किल्ड'. मग मला फोन.

दादाच्या मते सगळ्याचं मूळ एकच: रॅम हळू चालतेय. मला मात्र ती तिसरी रात्र खटकत होती. ३६०० हा अधिकृत वेग. त्यावर रॅम चुकायचं कारण नाही. आणि रॅम चुकते तेव्हा ती अशी शिस्तीत 'किल्ड' लिहून जात नाही. निळी स्क्रीन येते, फाइल खराब होते, प्रोग्रॅम भलत्याच जागी कोलमडतो. 'किल्ड' हा शब्द लिनक्स लिहितं, मेमरी संपली आणि सगळ्यात जास्त खाणाऱ्याला बाहेर काढलं की. म्हणजे रोग दोन होते आणि लक्षणं एकमेकांत मिसळली होती.

६४ जीबी असताना मेमरी संपली कशी? वेबओडीएम दादाच्या विंडोजवर डॉकरमधून (प्रोग्रॅम वेगळ्या बंद डब्यात चालवणारी सोय) चालतं, आणि डॉकर चालतं डब्ल्यूएसएल २ मध्ये, म्हणजे विंडोजच्या आत एक छोटं लिनक्स. या लिनक्सला विंडोज आपणहून एकूण रॅमच्या निम्मीच देते. ६४ पैकी ३२. वर चौथाई इतकी, म्हणजे १६ जीबी, डिस्कवरची तात्पुरती जागा. एकूण ४८. आता त्या तक्त्याकडे पुन्हा पाहा: ५०० ला ३२, १५०० ला ६४, तर १२०० ला अंदाजे ५४. खड्डा सहा जीबीचा होता आणि दादा त्यात तीनपैकी दोन रात्री पडला होता.

याला खर्च शून्य. युझर फोल्डरमध्ये डब्ल्यूएसएलची एक छोटी सेटिंग फाइल बनवायची, त्यात मेमरी ५६ जीबी लिहायची, डब्ल्यूएसएल बंद करून पुन्हा चालू करायचं. फोनवर अर्धा तास गेला, त्यातला पंचवीस मिनिटं फाइलच्या नावापुढचं 'टीएक्सटी' काढण्यात. त्या रात्री, चार स्टिकवर, ३६०० वर, १२०० फोटोंची अख्खी खाण पहिल्यांदा एका दमात निघाली.

ज्या वेगासाठी दादा दुकानदाराला शिव्या देत होता, तो वेग नसतानाच काम झालं होतं.

मग वेगाचं करायचं काय

प्रश्न मिटला असता तर हे लिहायची गरज नव्हती. पण ३६०० वर चालवत राहणं मलाही पटत नव्हतं. साधा हिशेब असा: प्रत्येक देवघेवीत एका चॅनेलवरून ८ बाइट जातात. दोन चॅनेलवर ६००० ला सेकंदाला ९६ जीबी, ५२०० ला ८३.२, ३६०० ला ५७.६. बारा कोअर एकदम फोटो चघळत असताना हा फरक जाणवायला हवा.

समोर चार रस्ते होते.

पहिला: दोन स्टिक काढून टाकायच्या. उरलेल्या जोडीवर ६००० सहज मिळतील, पण रॅम ३२ जीबी. हा मी एका वाक्यात निकाली काढला. रॅमकडून उत्तर यायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एसएसडीकडून त्याच्या शेकडो पट. मेमरी अपुरी पडून काम डिस्कवर ओसंडू लागलं की रॅम ६००० ची असो की ३६०० ची, कुणी विचारत नाही. दादासाठी ६४ जीबी ३६०० वर हे ३२ जीबी ६००० वर पेक्षा निःसंशय चांगलं. गेमिंगवाल्या भाच्याला मी नेमकं उलटं सांगेन.

दुसरा: चार स्टिक ठेवून हाताने ४८०० किंवा ५२०० बसवायचे. जमतं बऱ्याच जणांना. काहींना चार स्टिकवर ६००० ही जमतात. पण ते त्या विशिष्ट प्रोसेसरच्या कंट्रोलरच्या नशिबावर असतं, व्होल्टेज चिवडावं लागतं, आणि मी पुण्यात, कॉम्प्युटर फलटणला. व्होल्टेजची गंमत करायची माझी तयारीही नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्डांनी प्रोसेसरच्या एसओसी भागाला, जिथे रॅमचा कंट्रोलर असतो, जास्त व्होल्टेज दिलं आणि नवे एक्स ३ डी प्रोसेसर सॉकेटसकट करपले, हे ताजं होतं. एएमडीने नंतर त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. म्हणूनच या सॉकेटचा कुठलाही बोर्ड हातात आला की मी आधी बायोस नवा करतो.

तिसरा: आणखी महागडा बोर्ड. दुकानदाराने हेच सुचवलं होतं, अर्थात. जास्त थरांच्या बोर्डावर तारा स्वच्छ जातात हे खरं, पण दादाचा बोर्ड आधीच त्या वर्गातला होता. अडचण बोर्डात नव्हती.

चौथा: चार स्टिक काढून ३२ जीबीच्या दोन. हाच घेतला. दुकानाने फोडलेली पाकिटं परत घ्यायला नकार दिला, आणि खरं सांगायचं तर मी दुकानदार असतो तर मीही दिला असता. नवी जोडी वेगळी विकत घेतली.

जोडी निवडताना वेग किती घ्यायचा यावर दादाशी वाद झाला. त्याच्या डोळ्यांसमोर ७२०० चं पाकीट होतं. रायझन ७००० मध्ये रॅमचे ठोके आणि कंट्रोलरचे ठोके बरोबरीने चालतात ते साधारण ६००० पर्यंत, नशीब असेल तर ६४०० पर्यंत. त्यापुढे बोर्ड कंट्रोलरला निम्म्या वेगावर टाकतो. रस्ता रुंद होतो पण टोलनाका हळू होतो. म्हणून या प्रोसेसरसाठी ६००० वर सगळ्यांचं एकमत दिसतं.

वेगापेक्षा त्याच्या शेजारचा सीएलचा आकडा दादाने पाहिलाच नव्हता. सीएल म्हणजे मागणी केल्यावर पहिला घास तोंडाशी यायला किती ठोके. त्याला २००० ने गुणून वेगाने भागलं की नॅनोसेकंद मिळतात. ६००० सीएल ३०: १०. ६००० सीएल ३६: १२. ५६०० सीएल ४६, म्हणजे १.१ व्होल्टवर चालणारी साधी स्टिक: १६.४. आणि जुनी डीडीआर४ ३२०० सीएल १६? तीही १०. लोकांना वाटतं नवी रॅम म्हणजे दुप्पट चपळ. रस्ता दुप्पट रुंद झाला आहे; पहिल्या घासाला लागणारा वेळ पंधरा वर्षांत फारसा हललेला नाही.

आम्ही ६००० सीएल ३० ची ३२ जीबीच्या दोन स्टिकची जोडी घेतली. बोर्ड बनवणाऱ्याच्या तपासलेल्या रॅमच्या यादीत त्या स्टिकचा अख्खा नंबर शोधला. नुसतं ब्रँडचं नाव आणि वेग जुळून भागत नाही, पाकिटावरचा लांबलचक पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा लागतो. शिवाय यादीत आणखी एक रकाना असतो: ही स्टिक किती नगांपर्यंत तपासली, एक, दोन की चार. दादाच्या जुन्या जोडीपुढे तिथे दोनच लिहिलं होतं. दुकानाने ही यादी उघडली असती तर हे सगळं टळलं असतं.

एक चूक

एका शनिवारी मी फलटणला गेलो. बायोस नवा केला, जोडी दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवली, एक्स्पो चालू केलं, आणि चहा घ्यायला बाहेर आलो, दादाला कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊ न देता. परत आलो तेव्हा ६००० वर विंडोज उघडलं होतं.

दादा लगेच खाणीचे फोटो लावायला निघाला. मी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावला आणि त्याला झोपायला पाठवलं. चार-पाच तासांनी उठून पाहिलं तर एक चूक. एकच.

गेम खेळणाऱ्याने ही चूक सोडून दिली असती तर मी काही बोललो नसतो. पण इथे रात्रभर चालणारं काम आहे, आणि एखादा बिट उलटला तर कॉम्प्युटर बंद पडेलच असं नाही. नकाशा तयार होईल, छान दिसेल, आणि कुठेतरी उंची चुकलेली असेल. त्या आकड्यावर कुणाचं तरी बिल निघणार असतं. डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत चूक सुधारायची सोय असते आणि दुकानात ती कधीकधी ईसीसी, म्हणजे सर्व्हरमधली पूर्ण चूक-सुधार रॅम, म्हणून खपवतात. पण ती चिपच्या पोटातली चूक सुधारते, प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली नाही. जूनमध्येही त्या खोलीत पंखा गरम वारा फेकत होता, मे महिन्यात तर विचारूच नका; आणि डीडीआर५ च्या स्टिकवर व्होल्टेजचं सर्किट असतं, तेही तापतं.

टायमिंग तेच ठेवून वेग ५६०० वर आणला. पुन्हा रात्रभर चाचणी. शून्य चुका. ५६०० ला सीएल ३० म्हणजे १०.७ नॅनोसेकंद आणि सेकंदाला ८९.६ जीबी. दादाचा चेहरा पडला.

"पैसे ६००० चे दिले ना रे?"

दिले. ६००० ची रॅम ५६०० वर आरामात चालते, म्हणून तर दिले. ५६०० ची घेऊन हीच खात्री मिळाली नसती. त्याला हे पटलं असं वाटत नाही, पण त्याने पुन्हा बायोस उघडलेला नाही.

तीच १२०० फोटोंची खाण पुन्हा चालवली. ३६०० च्या मानाने वेळ वाचला, पण दादाने मनात धरला होता तेवढा नाही. पहाटे संपायचं ते जरा आधी संपलं. वेबओडीएमच्या कामातले काही टप्पे मेमरीवर अडतात, काही नुसते प्रोसेसरवर, काही डिस्कवर. रॅमचा वेग पहिल्या प्रकारच्या टप्प्यांनाच हात देतो.

तीच जोडी, स्वस्त बोर्ड

उरलेल्या चार स्टिकचं काय झालं, हा या प्रकरणाचा मला सगळ्यात आवडलेला भाग. एक जोडी आम्ही तोट्यात विकली. दुसरी माझ्या पुण्याच्या भाच्याला दिली. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटर नवा बांधायचा होता, प्रोसेसर रायझन ५ ७६००. आता कोरी पाटी होती आणि बोर्ड मी निवडणार होतो.

दादाच्या बोर्डाचे किती गुण वापरले जात होते, हे मी आधी एका कागदावर लिहिलं. पीसीआय ५ ची खाच: त्यात जुनं ग्राफिक्स कार्ड, शून्य उपयोग. वीजपुरवठ्याची भरभक्कम रांग: प्रोसेसर ६५ वॉट वर्गातला, जास्तीत जास्त ८८ वॉट ओढणारा. चार खाचा: त्यांनीच घोळ केला.

भाच्यासाठी म्हणून दोनच खाचांचा, लहान आकाराचा बी ६५० बोर्ड घेतला. ए ६२० आणखी स्वस्त होता आणि एक्स्पो त्यावरही चालतं. पण त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, ते चाललं असतं. अडलं ते वेगळ्या कारणावर. मला पाहिजे त्या दुकानांतल्या ए ६२० बोर्डांवर एसएसडी बसवायची एम डॉट २ ची खाच एकच होती आणि वीजपुरवठ्याच्या भागावर उष्णता काढणारी पट्टीही नव्हती. उद्या भाच्याने आठ किंवा बारा कोअरचा प्रोसेसर बसवला तर? शिवाय प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस बदलायचं बटण मला हवंच होतं. नवा प्रोसेसर आणि गोदामात पडून राहिलेला बोर्ड ही जोडी जुळली नाही की ते बटणच वाचवतं. दोन बोर्डांच्या किमतीतला फरक त्या वेळी दोन-अडीच हजारांचा होता; दादाच्या बोर्डाशी तुलना केली तर पंधरा हजारांहून जास्त वाचले.

दोन खाचा पाहून दुकानातला माणूस म्हणाला, "सर, पुढे रॅम वाढवता येणार नाही." हे वाक्य मी किती वर्षं ऐकतोय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हाही हेच ऐकलं होतं, तेव्हा ते खरं होतं. डीडीआर५ वर चार खाचा म्हणजे पुढे वाढवायची सोय नव्हे, पुढे वेग गमावायची सोय. वाढवायचं तर जोडी बदलायची. ४८ जीबीच्या स्टिक २०२३ पासून आहेत, दोन लावल्या की ९६. ६४ च्याही येऊ लागल्या. आणि दोनच खाचा असल्या की तारा वाटेत कुठे थांबत नाहीत, सरळ स्टिकवर जातात.

बोर्ड आला. दादाच्या चारपैकी दोन स्टिक बसवल्या, एक्स्पो चालू केलं, स्क्रीन काळी झाली. भाच्याला आधीच बजावलं होतं. त्याने मोबाइलवर वेळ लावला. तीन मिनिटांच्या आत विंडोज, ६०००. रात्रभर चाचणी, शून्य चुका.

एक्स ६७० ई वर पिवळा दिवा दाखवणाऱ्या याच स्टिक. मी भाच्याच्या स्क्रीनचा फोटो दादाला पाठवला. त्याचं उत्तर इथे छापण्यासारखं नाही.

भाच्याला एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण त्याचा मित्र त्याला ८००० ची रॅम घे म्हणत होता. ७६०० मध्ये कोअरचा तुकडा एकच. तो रॅमकडून ज्या अंतर्गत वाटेने वाचतो ती दर ठोक्याला ३२ बाइट नेते आणि साधारण २००० मेगाहर्ट्झवर चालते. गुणाकार केला की ६४ जीबी. ६००० ची रॅम ९६ द्यायला तयार असते, कोअर ६४ च उचलू शकतात. म्हणजे त्याच्यासाठी ६००० चा फायदा रुंदीत नाही, पहिला घास लवकर येण्यात आहे. ७८०० एक्स ३ डी सारख्या प्रोसेसरमध्ये तर ९६ एमबीचा एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली छोटी जलद मेमरी, असतो, बऱ्याच गेमना रॅमपर्यंत जायचं काम कमी पडतं, तिथे ५६०० आणि ६००० मधला फरक डोळ्यांना दिसतच नाही. ग्राफिक्स कार्ड न घेता ८६०० जी किंवा ८७०० जी वर भागवणाऱ्याचं गणित सगळ्यांत वेगळं. त्याचं ग्राफिक्सही याच रॅममधून जेवतं. तिथे वेगावर खुशाल खर्च करावा, आणि एकच स्टिक लावण्याचं पाप तर कधीच करू नये, कारण निम्मा रस्ता बंद होतो.

२०२५ च्या दिवाळीनंतर डीडीआर५ च्या किमती झपाट्याने चढू लागल्या. एआयच्या डेटा सेंटरसाठी चिप कारखाने तिकडे वळले आणि इथे ३२ जीबीच्या जोडीचा भाव ऐकून लोक दुकानातून परत फिरू लागले. दादाला त्याच सुमारास ९६ जीबी हवी झाली, कारण आता तो दोन खाणी एकत्र लावतो. भाव ऐकून त्याने फोन केला.

"ती एक जोडी आपण विकली होती ना रे, तोट्यात? कुणाला विकली, आठवतं का?"